काउंटरला पाऊस कळतो

अणूच्या केंद्रकाला बाहेरच्या जगाशी फारसं देणंघेणं नसतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. युरेनियम तापवा, गोठवा, दाबा, आम्लात विरघळवा, ते आपल्याच गतीने फुटत राहतं. वाक्य खरं आहे. त्यामुळे किरणोत्सर्ग मोजायला बसलेल्या माणसाची अशी समजूत होते, की निदान हे एक मोजमाप तरी ऊन-वारा-पावसाच्या कटकटीतून सुटलेलं असेल. मग खिडकीबाहेर एक साधी गायगर नळी लावावी, तिचे काउंट, म्हणजे तिने एकेक करून टिपलेले किरण, साठवत जावेत आणि काही आठवड्यांनी आलेख उघडून बघावा. त्या आलेखाला हवेचा दाब कळतो, पहाट कळते, ओली जमीन कळते. पाऊस तर इतका कळतो, की मी कधीकधी पडदा न सरकवताच सांगतो, बाहेर सर येऊन गेली.

माझी नळी जुन्या सोव्हिएत बनावटीची, एसबीएम-20. चारशे व्होल्टवर चालते आणि एरवी मिनिटाला वीसेक काउंट देते. काउंट बेभरवशाचेच येतात. अशा मोजणीतला स्वाभाविक चढउतार आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे विसाच्या आसपास साडेचारांचा. एखाद्या मिनिटाला 17 आले काय किंवा 24 आले काय, त्यावरून काहीच ठरत नाही. तासाभराचे मिळून मात्र 1,200 होतात, त्याचं वर्गमूळ 35, आणि अनिश्चितता तीन टक्क्यांवर येते. आता सरासरी विसाची चोवीस झाली तर ती लपून राहत नाही. हवामानाचा परिणाम बघायचा तर आधी हा धीर लागतो. ज्यांच्याकडे तो नसतो त्यांना प्रत्येक मिनिटात काहीतरी घडताना दिसतं.

पाऊस नेमकं काय करतो? जमिनीत आणि खडकांत सगळीकडे थोडं युरेनियम असतं. त्याच्या साखळीत रेडियम येतं आणि रेडियममधून रेडॉन नावाचा वायू. हा वायू कशाशीही रासायनिक नातं जोडत नाही. मातीच्या फटींतून वर येतो आणि हवेत मिसळतो. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) 3.8 दिवसांचं, म्हणजे ढगांच्या उंचीपर्यंत पोचायला पुरेसा वेळ हाताशी असतो. रेडॉन फुटला की मात्र त्याच्या जागी धातूचे अणू येतात: पोलोनियम, शिसे, बिस्मथ. हे वायू नसतात. जवळच्या धूलिकणाला नाहीतर ढगातल्या थेंबाला चिकटतात. पाऊस त्यांना गोळा करून जमिनीवर, छपरावर, झाडाच्या पानांवर आणून ठेवतो. शिसे-214 चं अर्धायुष्य सुमारे 27 मिनिटं आणि बिस्मथ-214 चं सुमारे 20 मिनिटं. बिस्मथ जोरकस गॅमा किरण सोडतं आणि माझी नळी ते मोजते. सर थांबली की नवा माल येणं थांबतं, आधीचा अर्ध्या तासात निम्म्यावर येतो आणि दोन-तीन तासांत आलेख पुन्हा जमिनीला टेकतो.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. शिखराची उंची पावसाच्या प्रमाणात नसते. तासन्‌तास कोसळणारा पाऊस कधीकधी आलेखावर बेताची टेकडी काढतो आणि दहा मिनिटांची सर सरळ सुळका उभा करते. त्यामागे दोन गोष्टी असतात. एक, भरपूर पावसात तेवढाच माल जास्त पाण्यात वाटला जातो. दुसरी म्हणजे ताजेपणा. ढगात थेंबाला चिकटलेलं बिस्मथ खाली येईपर्यंतही म्हातारं होत असतं. शिसे-214 आणि बिस्मथ-214 यांचं प्रमाण मोजलं, तर पाणी ढगातल्या मालापासून तुटून किती मिनिटं झाली याचा अंदाज बांधता येतो. पावसाच्या थेंबाचं वय मोजता येतं हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी बराच वेळ त्याचाच विचार करत बसलो होतो.

हे सगळं शोधणारा माणूस मुळात ढगांच्या नादाचा होता. चार्ल्स थॉमसन रीस विल्सन 1894 मध्ये स्कॉटलंडमधल्या बेन नेविस शिखरावरच्या वेधशाळेत थोडे दिवस राहिला. धुक्यावर पडणाऱ्या उन्हाची वलयं बघून त्याला प्रयोगशाळेत ढग तयार करावासा वाटला. त्यातून पुढे किरणांच्या वाटा धुक्यात उमटवून दाखवणारा मेघकक्ष आला आणि 1927 चं नोबेल पारितोषिकही आलं. पण त्याच्या मधल्या काळातलं काम मला जास्त जवळचं वाटतं. त्याने नुकतंच पडलेलं पावसाचं पाणी भांड्यात आटवलं, तळाशी उरलेला पातळ थर विद्युतदर्शीजवळ (किरणांमुळे विद्युतभार किती लवकर गळतो ते दाखवणाऱ्या यंत्राजवळ) नेला आणि तो किरणोत्सर्गी असल्याचं 1902 मध्ये जाहीर केलं. ही क्रिया अर्ध्या तासाच्या आसपास निम्मी होते, हेही त्याने टिपलं. माझा आलेख आज ज्या वेगाने उतरतो तोच हा वेग.

हा प्रयोग कुणालाही करता येतो. सर थांबल्याबरोबर बाहेर जायचं, ओल्या पत्र्यावरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून कागदी रुमाल फिरवायचा आणि तो पातळ अभ्रकाची खिडकी असलेल्या काउंटरखाली धरायचा. आकडा नेहमीच्या कितीतरी पट चढतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा उतरतो. पण तो रुमाल टेबलावर ठेवून द्यावा आणि दर दहा मिनिटांनी मोजत राहावं, कारण आकडा चढणं ही अर्धीच बातमी असते आणि तो कसा उतरतो ही उरलेली. दोन-तीन तासांत उतरला तर ते रेडॉनचं गोत्र. दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल तर मात्र प्रश्न गंभीर होतो. ‘पावसात किरणोत्सर्ग सापडला’ असं घाबरवणारे फोटो फिरत असतात, त्यांत हा दुसरा आकडा जवळपास कधीच नसतो. त्याचा मला मनापासून राग येतो.

शिखरानंतर एक दरी येते. ती फार जणांच्या लक्षात येत नाही, कारण ती उथळ असते. पावसाची भर ओसरल्यावर आकडा पूर्वीच्या पातळीवर थांबत नाही, थोडा खालीच स्थिरावतो. जमिनीतलं पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियमची पिलावळ वर गॅमा किरण पाठवत असते आणि मातीच्या फटींत भरलेलं पाणी त्यातले काही वाटेतच अडवतं. शिवाय ओल्या मातीतून रेडॉनही सहजी बाहेर पडत नाही. जमीन सुकत जाते तशी रेघ हळूहळू वर सरकते. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हाच परिणाम इतका ठसठशीत असतो, की अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा कमी उंचीवरून विमान उडवून जमिनीतून येणारे गॅमा किरण मोजते. जमीन उघडी असतानाच्या आकड्यातून बर्फाखालचा आकडा वजा केला की त्या बर्फात पाणी किती आहे ते कळतं आणि वसंतात नद्यांना किती पूर येईल याचा अंदाज त्यावर बांधता येतो. शेतातल्या ओलाव्यासाठीही असंच एक यंत्र आहे. वैश्विक किरणांमुळे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे, जमिनीत आणि हवेत सुटणारे न्यूट्रॉन ते मोजतं. हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग मारतो आणि पाण्यात हायड्रोजन असतो, म्हणून जमीन ओली असेल तर वेगवान न्यूट्रॉन कमी मिळतात. एकच यंत्र आजूबाजूच्या शंभर-दोनशे मीटरांतली ओल सांगतं.

म्हणून हवामानामुळे येणाऱ्या फरकाला सरसकट ‘त्रुटी’ म्हणायला मी तयार नाही. एकाच्या वहीत खोडलेला आकडा दुसऱ्याच्या वहीत उत्तर म्हणून उभा असतो. या शास्त्राची सगळ्यात मोठी कमाईसुद्धा अशा खोडलेल्या आकड्यातूनच झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्युतदर्शीवरचा भार, कितीही चांगला निरोधक वापरला तरी, हळूहळू गळून जायचा. हा यंत्राचा दोष की हवेचा? विल्सनने रात्री आपलं यंत्र स्कॉटलंडमधल्या एका रेल्वे बोगद्यात नेऊन बघितलं. फरक दिसला नाही, म्हणून बाहेरून काही येत असण्याची शक्यता त्याने बाजूला ठेवली. थिओडोर वुल्फ या जेसुइट धर्मगुरूने 1910 मध्ये आपला इलेक्ट्रोमीटर आयफेल टॉवरच्या माथ्यावर नेला. किरण जमिनीतूनच येत असते तर तीनशे मीटरांवर जवळपास काही उरायला नको होतं, पण आकडा 6 वरून 3.5 पर्यंतच उतरला. शेवटी 7 ऑगस्ट 1912 रोजी व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि तिथे आयनीभवन, म्हणजे किरणांमुळे हवेत विद्युतभारित कण (आयन) बनणं, जमिनीवरच्या सुमारे दुप्पट निघालं. वैश्विक किरण सापडले ते असे.

हेसच्या प्रवासातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. वर जाताना हवा विरळ होते. यंत्राच्या पोटातली हवाही विरळ झाली तर आयन कमी बनतील आणि वाढ झाली असूनही ती दिसणार नाही. म्हणून त्याची जाड भिंतींची यंत्रं हवाबंद होती. हवामानाला बाहेर ठेवता आलं म्हणूनच आकाशाकडून येणारा भाग दिसला.

हाच प्रश्न आज कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या प्रत्येक विभागात रोज सोडवला जातो. तिथली किरणांची मात्रा बहुतेक वेळा हवेला उघड्या असलेल्या आयन कक्षाने तपासतात. किरणांमुळे कक्षातल्या हवेत किती आयन बनले ते तो मोजतो, आणि त्या हवेचं वस्तुमान दाबावर आणि तापमानावर ठरतं. संदर्भ म्हणून 20 अंश सेल्सिअस आणि 1013.25 हेक्टोपास्कल धरतात. तीन अंशांचा फरक पडला तर आकडा एका टक्क्याने हलतो, दाबात दहा हेक्टोपास्कलचा फरक पडला तरीही तेवढाच. दुरुस्तीचं सूत्र एका ओळीचं आहे, पण त्यात एक खड्डा आहे. हवामान खात्याच्या बातमीतला किंवा विमानतळावरचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, कारण त्यांना निरनिराळ्या उंचीवरची ठिकाणं एका नकाशावर मांडायची असतात. कक्षातल्या हवेला समुद्राशी काय करायचं? ठिकाण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांवर असेल तर खरा दाब साधारण सत्तर हेक्टोपास्कलने कमी भरतो. बातमीतला आकडा सूत्रात घातला, की सात टक्क्यांची चूक झाली. किरणोपचारात एवढी चूक चालत नाही. म्हणून खोलीतच तपासून घेतलेला बॅरोमीटर लागतो आणि तापमापी कक्षाजवळच ठेवावी लागते.

माझ्या बंद नळीला दाबाची अशी आतून बाधा होत नाही. पण वातावरण स्वतःच किरणांवरचं छप्पर आहे. दाब चढला म्हणजे डोक्यावर हवा जास्त, आणि वैश्विक किरण कमी. म्युऑनमध्ये (वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होऊन जमिनीपर्यंत पोचणाऱ्या विद्युतभारित कणांमध्ये) हा फरक दर हेक्टोपास्कलला एक-दोन दशांश टक्के इतकाच असतो, न्यूट्रॉनमध्ये मात्र सुमारे 0.7 टक्के. एखादं जोरदार वादळ दाब तीस हेक्टोपास्कलने खाली ओढतं, तेव्हा न्यूट्रॉन मोजणारी केंद्रं वीस टक्क्यांच्या वाढीला तोंड देतात. दाबाची दुरुस्ती केल्याशिवाय त्यांचे आकडे कुणी हातात धरत नाही. हाच उतरता दाब मातीतला रेडॉनही वर ओढतो. वारा नसलेल्या थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि रेडॉन तिथेच साचतो. पहाटे तो सर्वाधिक असतो आणि ऊन तापून हवा घुसळली गेली की दुपारी पांगतो. एकाच आलेखात ही सगळी मंडळी एकमेकांच्या पायात पाय घालून चालत असतात. दाब उतरला, पाऊस आला, माती भिजली, गारवा पडला, आणि माझ्या हातात आकडा एकच.

यंत्राच्या अंगावर हवामान कसं बसतं हा वेगळा विषय, आणि तिथे सगळ्यात नखरेल म्हणजे सोडियम आयोडाइडचा स्फटिक. गॅमा किरण पडला की तो चमकतो आणि चमक किती तेजस्वी यावरून किरणाची ऊर्जा कळते. हा स्फटिक हवेतली ओल पितो, म्हणून तो धातूच्या डब्यात काचेच्या खिडकीमागे बंदिस्त असतो. सील गेलं की पिवळा पडतो. उबदार खोलीतून एकदम कडाक्याच्या थंडीत नेला तर तडकतो. आणि हे काहीही झालं नाही तरी तापमान बदललं की त्याची चमक आणि मागच्या प्रकाशगुणक नळीची वाढवण्याची ताकद दोन्ही बदलतात. अंशाला 0.3 टक्क्यांच्या आसपास सरक ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

आता जरा हिशेब करा. पावसातल्या बिस्मथ-214 ची ठळक रेषा, म्हणजे त्याच्या गॅमा किरणांची ठरलेली ऊर्जा, 609 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर असते. सीझियम-137 ची, म्हणजे अणुभट्टीच्या अपघाताची सगळ्यांना ठाऊक असलेली खूण, 662 वर. दोघांत नऊ टक्क्यांहूनही कमी अंतर आहे. उन्हात तापलेल्या खोक्यात कॅलिब्रेट केलेला डिटेक्टर रात्रीच्या सरीत तीस अंशांनी थंड झाला आणि कुणी सरक दुरुस्त केली नाही, तर पावसातला निरुपद्रवी बिस्मथ नेमका सीझियमच्या जागेवर जाऊन बसतो. तोही पाऊस पडत असताना, जेव्हा काउंट आधीच चढलेले असतात. घाबरायला याहून चांगली जुळणी सापडणार नाही. जाणकार अशा वेळी एका रेषेवर विश्वास ठेवत नाहीत. शिसे-214 ची 352 वरची रेषाही तेवढ्याच प्रमाणात सरकली आहे का ते बघतात. आणि पोटॅशियम-40 ची 1461 वरची रेषा सगळीकडे मिळते, म्हणून पुष्कळ यंत्रं तीच खुंटी धरून स्वतःला सतत जुळवून घेतात.

दमटपणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात गंमत नाही, नुसता वैताग आहे. चारशे व्होल्टच्या जोडणीवर ओलीचा पातळ थर बसला की विद्युतप्रवाह झिरपतो आणि खोटे काउंट उठतात. वातानुकूलित खोलीतलं यंत्र बाहेरच्या दमट हवेत काढलं की त्यावर लगेच दव धरतं. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळेवर बदलावी, एवढाच उपाय. थंडीत पडदा मंदावतो, बॅटरी मान टाकते. काही काचेच्या नळ्या तर थेट ऊन पडलं तरी काउंट देतात.

पण हवामानाने नेहमी फसवाफसवीच केलेली नाही. काही वेळा त्यानेच बातमी आणून दिली. 25 एप्रिल 1953 रोजी नेवाडाच्या वाळवंटात ‘सायमन’ नावाचा अणुस्फोट झाला. त्याचा ढग वरच्या वाऱ्यांवर स्वार होऊन अमेरिका ओलांडत गेला आणि दुसऱ्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय परिसरात तो मोठ्या वादळी पावसाबरोबर खाली आला. सकाळी रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांना आपले गायगर काउंटर चढलेले दिसले. तो पाऊस हजारो किलोमीटरांवरचा स्फोट घेऊन आला होता, आणि त्याचे आकडे दोन तासांत उतरले नाहीत. चेर्नोबिलनंतर स्वीडनमध्ये येव्ले शहराच्या आसपास जमिनीवर सीझियम इतकं का साचलं, याचं उत्तर तिथे त्याच दिवसांत झालेल्या जोरदार पावसात आहे. फुकुशिमात 15 मार्च 2011 रोजी वारा वायव्येकडे वळला आणि त्याच वेळी पाऊस आणि बर्फ पडलं. नकाशावरचा तो लांबट पट्टा त्यातून उमटला. ढग पुष्कळ ठिकाणांवरून गेला, पण जिथे पाऊस पडला तिथे तो उतरला.

जर्मनीत आज सुमारे 1,700 ठिकाणी गॅमा किरण सतत मोजले जातात. अशा जाळ्याला पाऊस हा रोजचा पाहुणा असतो. सर आली की त्या भागातली केंद्रं एकामागून एक चढतात, सर पुढे सरकते आणि मागची उतरतात. त्यामुळे खऱ्या गळतीची सूचना हवी असेल तर किरणांच्या यंत्राबरोबर पावसाची माहितीही हवीच. महागड्या डिटेक्टरशेजारी साधं पर्जन्यमापक नसेल तर अशा केंद्राकडे मी संशयाने बघतो. पाऊस नसताना चढलेला आकडा किंवा पाऊस थांबून सहा तास झाल्यावरही न उतरलेला आकडा दाखवायचा, तर पाऊस कधी पडला हे आधी माहीत असायला हवं.

राहता राहिली वीज. कडकडाट झाला की तारांमध्ये विद्युतस्पंद उठतो आणि काउंटर एकदम शंभर काउंट दाखवतो. असे आकडे वर्षानुवर्षं कचऱ्यात गेले आणि बहुतेकांची जागा तीच होती. मात्र विल्सनने 1925 मध्येच लिहून ठेवलं होतं, की ढगातल्या प्रचंड विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉनचा वेग भयंकर वाढू शकतो. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात ढग फार खाली येतात. तिथल्या अणुऊर्जा केंद्रांभोवतीच्या मापकांवर वादळांत खरोखरच गॅमा किरण चढताना दिसले आणि संशोधकांनी तिथे स्वतःचे डिटेक्टर लावले. 6 फेब्रुवारी 2017 रोजी काशिवाझाकीजवळ वीज कोसळली. आधी क्षणार्धाची गॅमा झळक आली आणि पाठोपाठ मिनिटभर 511 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा मिळाली, म्हणजे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित जुळे) नष्ट होत असल्याची खूण. विजेच्या गॅमा किरणांनी हवेतल्या नायट्रोजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उडवले होते आणि नायट्रोजन-13 तयार झालं होतं. सुरुवातीला मी म्हटलं की हवामानामुळे केंद्रकाची गती बदलत नाही. ते खरंच आहे, पण नवी किरणोत्सर्गी केंद्रकं घडवणं हवामानाला जमतं, एवढी भर त्यात घालायला हवी.

याच्याही पुढची पायरी उटीला चढली गेली. तिथल्या ग्रेप्स-3 प्रयोगात 3,712 काउंटर जमिनीवर बसून वरून येणारे म्युऑन मोजतात. 1 डिसेंबर 2014 रोजी एक वादळी ढग त्यांच्या डोक्यावरून गेला आणि म्युऑन दोनेक टक्क्यांनी घटले. म्युऑन विद्युतभारित असतात, ढगातल्या विद्युतक्षेत्राने त्यांची ऊर्जा बदलते. नुसती दुरुस्ती लावून हा फरक पुसून टाकता आला असता. त्याऐवजी तिथल्या चमूने उलटा हिशेब केला: एवढे म्युऑन कमी व्हायचे तर ढगात किती विद्युतदाब हवा? उत्तर आलं 1.3 अब्ज व्होल्ट. त्याआधी फुग्यांतून उपकरणं पाठवून मोजलेले आकडे याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होते. फुगा ढगातली एकच वाट कापतो, म्युऑन मात्र सगळ्या ढगातून आरपार येत असतात.